रात्रीचे हरवलेले दोन प्रहर

डिसेंबर जवळ आला की आमच्या घरातल्या जुन्या शाली माळ्यावरून खाली येतात. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला जायची ही आमची वर्दी. गेल्या वर्षी शाली उन्हात घालत असताना माझ्या पुतणीने एक प्रश्न विचारला. ती कोल्हापुरात गाणं शिकते. म्हणाली, "काका, वहीत लिहिलंय की मालकंस रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी गातात. मी तो मैफलीत चारदा ऐकला. चारही वेळा रात्री नऊच्या सुमाराला. मग तिसरा प्रहर आहे कुठे?"

मी काही संगीतातला पदवीधर नाही. ऐन तारुण्यातली बरीच वर्षं मंडप आणि लाऊडस्पीकर भाड्याने देण्याच्या धंद्यात गेली. गाणं ऐकायला शिकलो ते वायर ओढता ओढता, आणि वाचायला लागलो ते त्याहून उशिरा. पण तिचा प्रश्न मला सोडेना. कारण त्याचं उत्तर अर्धं संगीतात होतं, तर अर्धं माझ्या धंद्यात. हा लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

उघड्यावरची मैफल ही 'हजेरी'

मोकळ्या जागेत हजारो लोकांनी बसून गाणं ऐकायचं, हा प्रकार आधुनिक आहे असं आपल्याला वाटतं. परदेशातले मैदानी संगीत महोत्सव आपल्या डोळ्यांसमोर येतात. १९६९च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या वुडस्टॉकला लाखोंच्या गर्दीत, पावसात, पंडित रविशंकर वाजवून आले, हे अनेकांना माहीत असतं. पण आपल्याकडे ही परंपरा वेगळ्या मुळातून आली आहे. ते मूळ पाहायला कोल्हापूरपासून पन्नासेक किलोमीटर, मिरजेला जावं लागतं.

मिरजेत ख्वाजा मिरासाहेबांचा दर्गा आहे. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) आजारी अवस्थेत मिरजेला आले, दर्ग्यात गाऊन त्यांनी सेवा केली, बरे झाले आणि मिरजेचेच होऊन राहिले, असं तिथे सांगतात. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेतल्या एका रेल्वे स्थानकावर त्यांचं निधन झालं. त्यांचा देह मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारातच दफन केला. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ चिंचेच्या झाडाखाली संगीत सभा होते. तिकीट नाही. गायक-वादक बिदागीची बोली न करता येतात. तिथे कोणी 'कार्यक्रम केला' म्हणत नाही, 'हजेरी लावली' म्हणतात. याच मिरजेत शिकलगारी सोडून तंबोरे आणि सतारी घडवणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यामुळे झाडाखाली जो तंबोरा जुळतो, तो बहुधा त्याच गावात घडलेला असतो.

'हजेरी' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. आपल्या देशातल्या जुन्या उघड्यावरच्या संगीत सभा पाहिल्या, तर बहुतेक सगळ्या कोणाच्या तरी स्मरणासाठी आहेत. जालंधरचा हरिवल्लभ मेळा १८७५पासून चालतो, तो गुरूच्या समाधीपाशी सुरू झाला. ग्वाल्हेरचा तानसेन समारोह तानसेनांच्या कबरीजवळ होतो. तमिळनाडूत तिरुवैयारूला कावेरीकाठी त्यागराजांची आराधना होते. गाणाऱ्याने तिथे हजेरी लावायची आणि ऐकणाऱ्यानेही.

पुण्याचा महोत्सव याच कुळातला. अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व. ते १२ सप्टेंबर १९५२ रोजी गेले. १९५३ साली, त्यांच्या पहिल्या पुण्यतिथीच्या निमित्ताने, त्यांचे जावई डॉ. वसंतराव तथा नानासाहेब देशपांडे, शिष्य पंडित भीमसेन जोशी आणि इतर शिष्यमंडळींनी पुण्यात संगीत सभा भरवली. आर्य संगीत प्रसारक मंडळ ती भरवत आलं आहे. २०११ साली भीमसेनजी गेल्यावर महोत्सवाच्या नावात त्यांचंही नाव जोडलं गेलं. गुरूची आठवण मिरजेत, शिष्याची पुण्यात, आणि आता शिष्याच्या शिष्याचीही तिथेच. म्हणून पुण्याच्या मैदानावरचा मांडव आणि मिरजेचं चिंचेचं झाड ही दोन ठिकाणं मी वेगळी मानत नाही.

दरबारातून मैदानात

कोल्हापूरला दरबारी गाण्याची मोठी परंपरा. जयपूर-अत्रौली घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अल्लादिया खाँ हे राजर्षी शाहू महाराजांचे दरबारगायक होते. १९२२ साली महाराजांचं निधन होईपर्यंत खाँसाहेबांचा मुक्काम इथेच होता. त्यांचे चिरंजीव भूर्जी खाँ अंबाबाईच्या देवळात गानसेवा करत. १८८३मध्ये स्थापन झालेला गायन समाज देवल क्लब आजही उभा आहे. पण दरबार म्हटलं की ऐकणारे मोजके आले.

गाणं सामान्य माणसाकडे नेणाऱ्यांत ज्यांचं नाव पहिलं घ्यावं ते विष्णू दिगंबर पलुस्कर आमच्याच जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचे. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते शिकले. संस्थानिकांच्या आश्रयावर अवलंबून न राहता त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसे केले आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तिकीट काढून कोणीही आत येऊ शकतो, ही कल्पना आज साधी वाटते. त्या काळी ती मोठी उडी होती.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी दोन वास्तू शेजारीशेजारी उभ्या केल्या. एक खासबागेचं कुस्तीचं मैदान, ते १९१२चं. दुसरं पॅलेस थिएटर, १९१५चं, ज्याला पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव दिलं गेलं. महाराजांनी केशवरावांच्या नाटकाचा प्रयोग बंदिस्त थिएटरात न ठेवता खासबागेच्या उघड्या मैदानात, हजारोंच्या समोर करायला लावला, ही गोष्ट आमच्याकडे वडीलधारी माणसं अजून सांगतात. माईकशिवाय, नुसत्या गळ्यावर. कुस्तीच्या मैदानाला चहूबाजूंनी चढती बैठक असते. खाली हौद्यात बोललेलं वर ऐकू जातं. तरीही उघड्यावर हजारोंना पोचायचं तर आवाज वरच्या पट्टीचा, टोकदार आणि पल्लेदार हवा. त्या पिढीच्या नाट्यगायकांचे स्वर इतके चढे का, याचं एक कारण या जागांमध्ये आहे.

माईक आला आणि सगळं बदललं. हळुवार आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाऊ लागला. तंबोऱ्याची गुंजनही ऐकू येऊ लागली. मैदान कितीही मोठं असलं तरी चालू लागलं. भोंगा नसता तर दहा हजारांची मैफल झाली नसती. आणि भोंगा नसता तर दहाची वेळही आली नसती.

रात्रीचा हिशेब

आता पुतणीच्या प्रश्नाकडे येतो. दिवसरात्रीचे आठ प्रहर, प्रत्येक तीन तासांचा. रात्रीचे चार : सहा ते नऊ, नऊ ते बारा, बारा ते तीन आणि तीन ते सहा. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी रागांची जी वेळ लावून दिली, तिच्यानुसार पहिल्या प्रहरी यमन, भूप. दुसऱ्या प्रहरी बिहाग, बागेश्री. मध्यरात्र आणि तिसऱ्या प्रहरी दरबारी कानडा, अडाणा, मालकंस. शेवटच्या प्रहरी सोहनी, परज, ललित.

सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्र-रात्र चाले. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा विशीतही नव्हतो. रात्री सतरंजीवर बसलो ते उजाडल्यावर उठलो. कडेला झोपलेली पोरं, थर्मासमधला चहा, अंगावर एकाच घोंगडीत तिघेजण. मध्यरात्र उलटल्यावर अर्धं मैदान पेंगत असे आणि नेमकं तेव्हा काहीतरी असं सुरू होई की सगळे ताठ बसत. अखेरच्या सत्रात भीमसेनजी गात. सांगतेला सवाई गंधर्वांच्या भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावायची, अशी प्रथा. पुढे शेवटी गाण्याचा तो मान अनेक वर्षं डॉ. प्रभा अत्रे यांच्याकडे आला.

२००० साली केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषण नियम लागू केले. त्यांत रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा अशी व्याख्या झाली आणि त्या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरायला बंदी आली. २०१०च्या दुरुस्तीने वाद्यांचाही त्यात स्पष्ट उल्लेख झाला. सूट दोन प्रकारची. एक : सभागृहासारख्या बंदिस्त जागेत, आतल्या आत. दुसरी : सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस दहाची मर्यादा बारापर्यंत वाढवू शकतं. बारानंतर कोणालाही नाही.

हा हिशेब प्रहरांवर ठेवून पाहा. पहिला प्रहर पूर्ण शाबूत. दुसऱ्यातला एक तास शिल्लक. परवानगी मिळाली तर तिन्ही तास. तिसरा आणि चौथा प्रहर उघड्या मैदानातून साफ गेला. म्हणून आजचा महोत्सव दिवस वाढवून, दुपारी सुरू होऊन रात्री दहाला संपतो. एखाद्या रात्री, बहुधा शनिवारी, बारापर्यंत परवानगी असते. मालकंस गाणारे अजूनही गातात, पण साडेनऊला. राग उरला, त्याची वेळ गेली. पुतणीने चारदा ऐकलेला मालकंस नऊचाच का होता, याचं सरळ उत्तर हे.

कायदा का आला

इथे थांबून कायद्याला दोन शिव्या देता आल्या असत्या. गाण्याच्या मंडळींत तशी पद्धत आहे. पण मी ज्या धंद्यात होतो, त्यामुळे मला ते जमत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी ध्वनिप्रदूषणावर जो मोठा निकाल दिला, त्यामागच्या याचिकेत एका १३ वर्षांच्या मुलीची बातमी होती. तिच्यावर अत्याचार होत असताना तिने मारलेल्या हाका शेजारच्या कर्कश गाण्यांमुळे कोणाला ऐकू गेल्या नाहीत. हा निकाल वाचल्यापासून 'दहाच्या आत' या शब्दांकडे मला नुसती अडचण म्हणून पाहता आलेलं नाही.

माझी स्वतःचीही एक आठवण आहे. नियम यायच्या बऱ्याच आधीची. एका मंडळाच्या कार्यक्रमाला मी चार भोंगे लावले होते. रात्री अकराच्या पुढे शेजारच्या बोळातून एक बाई आली. "दादा, आवाज जरा कमी करा की. पोराला ताप हाय." मी नॉब थोडा खाली केला. कार्यकर्त्यांनी डोळे वटारले, मी पुन्हा वर केला. ती दुसऱ्यांदा आली, तेव्हाही तेच. तिसऱ्यांदा आली तेव्हा काही बोलली नाही. पोराला खांद्यावर घेऊन अॅम्प्लिफायरच्या टेबलासमोर नुसती उभी राहिली. कार्यक्रम संपेपर्यंत मी तिच्याकडे पाहिलं नाही. भाडं मिळालं, तेही बोललं होतं तितकं. आज वाटतं, त्या रात्री माझ्यासारख्यांनी नॉब खाली ठेवला असता, तर तिसरा प्रहर वाचला असता.

आवाज रात्री लांब का जातो

यात एक शास्त्राचाही भाग आहे, तो समजून घेतला तर दोन्ही बाजूंचा राग थोडा निवळेल. मोकळ्या जागेत आवाजाच्या उगमापासूनचं अंतर दुप्पट झालं की पातळी सुमारे सहा डेसिबलने उतरते. समजा, स्पीकरपासून एक मीटरवर १०० डेसिबल आहे. दोन मीटरवर ९४, चारवर ८८, असं करत ६४ मीटरवर ६४ होतील. २५६ मीटरवर ५२. आता निवासी भागासाठी नियमातली मर्यादा पाहा : दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. म्हणजे पाव किलोमीटरवरच्या घरात हाच आवाज दिवसा मर्यादेत बसतो आणि रात्री मर्यादेबाहेर जातो. स्पीकर तोच, नॉब तिथेच. भिंती, झाडं, वारा यांनी प्रत्यक्षात आकडे बदलतात, पण तर्क हाच राहतो.

दुसरं कारण हवेचं. दिवसा जमीन तापलेली असते, जमिनीलगतची हवा गरम आणि वरची गार. आवाज गरम हवेत वेगाने जातो, म्हणून त्याच्या लाटा वर वळतात आणि दूरच्या माणसाच्या डोक्यावरून निघून जातात. थंडीच्या निरभ्र रात्री उलट होतं. जमीन आधी गार होते, खालची हवा थंड आणि वरची तुलनेने उबदार राहते. लाटा खाली वळतात आणि जमिनीला धरून लांबवर जातात. डिसेंबरातल्या रात्री लांबच्या देवळातलं भजन किंवा रेल्वेची शिट्टी घरात स्पष्ट ऐकू येते ती यामुळे. त्यातच रस्ते शांत झालेले असतात. म्हणजे रात्री मैदानातल्या श्रोत्याला जे सुख मिळतं, त्याच कारणाने आसपासच्या झोपणाऱ्याला त्रास होतो.

मोकळ्या मैदानाच्या आणखी दोन अडचणी आहेत. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मंचापासून ६८ मीटरवर बसलेल्याला तबल्याची थाप दिसते आधी आणि ऐकू येते पाचवा हिस्सा सेकंद उशिरा. म्हणून मोठ्या मांडवात मधले स्पीकर मुद्दाम तेवढे उशिरा वाजतील असे लावतात, नाहीतर प्रत्येक बोल दोनदा ऐकू येईल. आणि दव. दव पडलं की तबल्याची पुडी सैलावते, स्वर उतरतो. थंडीने तंबोऱ्याच्या तारा आकसतात, स्वर चढतो. एक खाली, एक वर. म्हणून उघड्यावर कलाकार पुन्हा पुन्हा वाद्यं जुळवताना दिसतात. तो वेळकाढूपणा नाही. मैदानाचं हवामान ते सुरात आणत असतात.

काय गेलं, काय आलं

मग रात्र गेल्याने नुकसान झालं का? मी यावर बरंच डोकं खाजवलं आहे.

राग आणि वेळ यांचं नातं निसर्गनियमासारखं अटळ नाही. कर्नाटक संगीतात ते इतकं कडक पाळत नाहीत. रेडिओ आणि ध्वनिमुद्रिकांनी तर कोणताही राग कोणत्याही वेळी घरात आणला. मालकंस साडेनऊला गायला म्हणून त्याचे स्वर बदलत नाहीत. तेव्हा 'राग मेले' असं म्हणणं मला अतिशयोक्तीचं वाटतं.

उलट काही मिळालंही. रात्री नऊला सुरू होणाऱ्या सभेत दुपारच्या आणि संध्याकाळच्या रागांना जागाच नसे. आता दुपारी मांडवात बसलं की भीमपलास, मुलतानी, पटदीप ऐकायला मिळतात. दिवेलागणीला मारवा किंवा पूरिया धनाश्री सुरू झाला आणि मांडवाबाहेरचा उजेड खरोखरच उतरत असला, तर तो अनुभव जुन्या रात्रींनी मला कधी दिला नव्हता. बायकांना, म्हाताऱ्यांना, लहान मुलांच्या आईवडिलांना दहाला उठून घरी जाता येतं. माझ्या आईने आयुष्यात एकदाही सवाईला रात्र काढली नाही. वहिनी आता दरवर्षी येते. पूर्वीची रात्र सगळ्यांची होती असं आम्ही पुरुष म्हणतो, ते अर्धंच खरं आहे.

गेलं ते दुसरंच काही. रात्रभराच्या सभेला पुढे कोणतीही घाई नसे. विलंबित ख्याल पसरला तर पसरला. उजाडेपर्यंत वेळ होता. आता दहाला वीस मिनिटं कमी असली की मंचावरचा कलाकार, पडद्यामागचे संयोजक आणि मांडवातले आम्ही, सगळ्यांचं मन घड्याळात असतं. कलाकारांची संख्या तीच किंवा जास्त, वेळ ठरलेली. साहजिकच विलंबित आखडतो आणि द्रुत लवकर येतं. मालकंसाचे स्वर तेच राहिले. त्याच्या मधली शांतता कमी झाली. तिसरा प्रहर म्हणजे माझ्या लेखी घड्याळातली वेळ नव्हे, तर पुढे काही उरलेलं नाही याची ती निश्चिंती.

वाट कुठे आहे

नियम नीट वाचला तर वाट त्यातच आहे. बंदी उघड्यावर आहे, बंदिस्त सभागृहात नाही. कोलकात्याची डोव्हर लेन संगीत परिषद १९५२पासून चालते, पुण्याच्या सभेच्या आदल्या वर्षापासून. जानेवारीत ती आजही रात्र-रात्र चालते, कारण ती छपराखाली गेली. म्हणजे मैदान आणि रात्र यांतलं एक निवडावं लागतं. मैदानात माणसं जास्त मावतात, सभागृहात रात्र मावते.

आणि इथे मी पुन्हा कोल्हापूरला येतो. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री बघ्यांमध्ये मीही होतो. तिथल्या रंगमंचाखालून मी माझ्या हाताने वायर टाकलेल्या होत्या. ज्वाळा पाहून शेजारचा एक अनोळखी म्हातारा "माझं लग्न ठरलं ते इथल्या नाटकात" असं पुटपुटत रडत होता. ते नाट्यगृह आता पुन्हा उभं राहत आहे. माझी एक साधी सूचना आहे. ते उघडल्यावर वर्षातून एक रात्र, फक्त एक, तिथे रात्री नऊ ते सकाळी सहा अशी सभा व्हावी. भिंती, दारं नीट ध्वनिरोधक असली तर बाहेरच्या घरात टाचणीही ऐकू जाणार नाही. तिकीट खासबागेच्या परंपरेला शोभेल असं, हमालाला आणि कॉलेजच्या पोराला परवडणारं असावं. आणि सकाळी सहाला, नियमाची रात्र संपल्यावर, दारं उघडून शेवटची भैरवी बाहेर मोकळ्यावर ऐकवावी. मैदान आणि रात्र दोन्ही एका दिवसात मिळतील.

जाणाऱ्यांसाठी थोडं

मोकळ्या मैदानातल्या महोत्सवाला पहिल्यांदा जाणाऱ्यांना धंद्यातल्या माणसाच्या चार गोष्टी सांगून थांबतो. सगळ्यात चांगला आवाज पहिल्या रांगेत नसतो. ध्वनिसंयोजक जिथे टेबल मांडून बसलेला असतो, त्याच्या आसपास बसा. तो त्याच्या कानाला जे बरं वाटतं ते सगळ्यांना देत असतो. मोठ्या स्पीकरच्या थेट समोर, विशेषतः लहान मूल घेऊन, बसू नका. उठायचं असेल तर एक कलाकार संपल्यावर उठा, आलापाच्या मध्ये नको. शाल न्याच, सूर्य मावळल्यावर सतरंजी खालून गार पडते. सकाळी वेळ असेल तर सवाईच्या जोडीने होणारे 'षड्ज' आणि 'अंतरंग' हे लघुपट आणि गप्पांचे कार्यक्रम चुकवू नका. संध्याकाळी जे ऐकायचं त्याची मशागत तिथे होते. आणि वाद्यं जुळत असताना बोलू नका. राग तिथूनच सुरू झालेला असतो.

पुतणीला मी हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे खरा तिसरा प्रहर ऐकायचाच नाही का मी?" त्या रात्री आम्ही गच्चीची दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत बसलो. तिने तंबोरा घेतला. आवाज इतकाच की खालच्या मजल्यावरची आई जागी होऊ नये. रात्रीचा एक वाजून गेला होता. तिला अजून मालकंस नीट येत नाही. मध्यमावर थांबताना ती घाई करते. पण त्या रात्री तिने घाई केली नाही, कारण पुढे कोणाला गायचं नव्हतं.